एका चौकटीने चढवलेला आलेख

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याच्या दफ्तरात २०१२ साली १४७ मृत्यू गरोदरपण-बाळंतपणाशी निगडित म्हणून नोंदले गेले. दोनच वर्षांत माता मृत्यू दर जवळपास दुप्पट झाला होता, त्यामुळे बातम्यांना उधाण आलं. मग अभ्यासकांनी एकेक मृत्यू दाखला काढून जन्मनोंदींशी आणि रुग्णालयांच्या कागदपत्रांशी ताडून पाहिला. खरे मृत्यू निघाले ५६. एक लाख जिवंत जन्मांमागे ३८.४ वाटणारा दर १४.६ वर आला. बाकीच्या बहुतेक स्त्रिया गरोदर नव्हत्याच. संगणकावर दाखला भरताना 'गरोदर नव्हती' आणि 'मृत्यूसमयी गरोदर होती' हे पर्याय एकाखाली एक होते आणि भरणाऱ्याचं बोट एक ओळ खाली गेलं होतं.

दाखल्यावरची गरोदरपणाची खूण करायची ही चौकट मुळात चांगल्या हेतूने आली. मृत्यूच्या कारणात डॉक्टर नुसतं 'पक्षाघात' किंवा 'हृदय बंद पडलं' असं लिहीत आणि ती बाई बाळंतीण होती हे कुठेच उमटत नसे. म्हणून २००३ साली अमेरिकेच्या मृत्यू दाखल्यात गरोदरपणाचा प्रश्न घातला गेला. पण एकेक राज्य तो आपापल्या सवडीने स्वीकारत गेलं. शेवटचं राज्य यायला २०१७ उजाडलं. दरवर्षी काही नवी राज्यं चौकट वापरू लागत आणि देशाचा आलेख तेवढा वर सरके. हा गोंधळ इतका झाला, की २००७ नंतर थेट २०१८ पर्यंत राष्ट्रीय आरोग्य सांख्यिकी केंद्राने अधिकृत दर जाहीरच केला नाही.

एवढ्याशा चुकीने एवढा फरक कसा पडतो? घटना विरळ असली की चुका तिला गिळून टाकतात. समजा, तरुण वयातल्या एक लाख स्त्रियांचे दाखले आहेत आणि हजारात फक्त पाचांवर चुकून खूण झाली. झाले पाचशे खोटे मातामृत्यू. संपूर्ण अमेरिकेत २०२३ साली नोंदलेले मातामृत्यू होते ६६९! ८५ वर्षांपुढच्या आज्यासुद्धा गरोदर म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. २०१८ पासून केंद्राने ४४ वर्षांवरच्या स्त्रियांसाठी नुसत्या चौकटीवर विसंबणं सोडलं.

मग खरं काय? १९१५ च्या सुमारास अमेरिकेत लाखामागे सहाशेहून अधिक बाळंतिणी दगावत. बाळंतज्वरावर सल्फा औषधं आणि मग पेनिसिलिन आलं, रक्तपेढ्या उभ्या राहिल्या आणि १९८७ पर्यंत हा आकडा ६.६ वर उतरला. त्यानंतरचा चढ मात्र वादाचा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात चौकट बाजूला ठेवून, मृत्यूच्या कारणात गरोदरपणाचा उल्लेख असलेलेच दाखले मोजले. १९९९-२००२ मध्ये दर १०.२ आणि २०१८-२०२१ मध्ये १०.४ निघाला. सरकारी केंद्राला ही पद्धत मान्य नाही. असं मोजलं तर खरे मृत्यूही गळतात, असं त्याचं म्हणणं. कोविडचा तडाखा मात्र खराच होता: २०२१ मध्ये अधिकृत दर ३२.९ वर गेला आणि २०२३ मध्ये १८.६ वर आला.

माझ्या मते, वादात हरवते ती गोष्ट वेगळीच. चढ खोटा ठरला तरी, औषधांवर अफाट खर्च करणाऱ्या देशात वीस वर्षं दर हललाच नाही, ही काही अभिमानाची बाब नव्हे. शिवाय कुठल्याही पद्धतीने मोजा, कृष्णवर्णीय स्त्रियांचा दर गोऱ्यांपेक्षा कितीतरी वरच राहतो. २०२३ च्या अधिकृत आकड्यांत तो ५०.३ होता, गोऱ्यांचा १४.५. पैसा आणि प्रसिद्धी असूनही टेनिसपटू सेरेना विल्यम्सला २०१७ मध्ये सिझेरियननंतर फुप्फुसात गुठळ्या झाल्याचं परिचारिकेला पटवून द्यावं लागलं होतं.

दुसरी गोष्ट काळाची. जागतिक व्याख्येत प्रसूतीनंतरचे ४२ दिवस धरतात, म्हणजे आपल्या सव्वा महिन्याहून जरासेच जास्त. पण राज्यांच्या तपास समित्यांनी २०१७-२०१९ मधले मृत्यू वर्षभरापर्यंत मोजले, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू पहिला आठवडा उलटल्यावर झालेले दिसले. सर्वांत मोठा वाटा अतिरक्तस्रावाचा नव्हता. आत्महत्या आणि नशेच्या अतिसेवनासह मानसिक आजारांचा होता. दर पाचांतले चार मृत्यू टाळता आले असते. आणि गरिबांसाठीचा सरकारी विमा, ज्यावर देशातली सुमारे ४० टक्के बाळंतपणं होतात, तो कित्येक राज्यांत साठाव्या दिवशी संपत असे. तो वर्षभर लांबवण्याची सोपी वाट राज्यांना २०२२ मध्ये मिळाली.

कॅलिफोर्नियाने २००६ मध्ये मातामृत्यूंची चिकित्सा सुरू केली आणि रुग्णालयांना साध्या गोष्टी शिकवल्या. प्रसूतिकक्षात रक्तस्रावाचं सगळं सामान असलेली गाडी तयार ठेवायची. रक्त किती गेलं हे नजरेने ठरवायचं नाही, कारण अनुभवी नजरही कमीच धरते. भिजलेले कापडी बोळे तराजूवर ठेवायचे, कोरं वजन वजा करायचं, एक ग्रॅम म्हणजे सुमारे एक मिलिलिटर. २००६ मध्ये १६.९ असलेला तिथला दर २०१३ मध्ये ७.३ झाला.