शेंड्यात आधीच झाड असतं का?

हरभऱ्याचे शेंडे खुडले की फुटवे वाढतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या शेंड्यात नेमकं असतं काय, हा प्रश्न वनस्पतिशास्त्राला अडीचशे वर्षं पुरला. शाळेच्या पुस्तकात तो 'विभाजी ऊती', म्हणजे सतत विभागत राहणाऱ्या पेशींचा समूह, या दोन शब्दांत उरकतो आणि त्यामागचं भांडण दिसतच नाही.

अठराव्या शतकातल्या युरोपात अनेक विद्वानांची समजूत होती, की पुढचा जीव बीजात किंवा अंड्यात सूक्ष्म रूपात घडलेलाच असतो. वाढ म्हणजे तो नुसता मोठा होणं. बर्लिनच्या एका शिंप्याचा मुलगा, कास्पर फ्रीडरिश वोल्फ, याने १७५९ मध्ये हाले विद्यापीठातल्या प्रबंधात याला हरकत घेतली. त्याचा पुरावा स्वयंपाकघरातला वाटावा असा होता. कोबीचा गड्डा सोलत आत जा. पानं लहान होत जातात, पुढे नुसते उंचवटे उरतात आणि शेवटी पान म्हणावं असं काहीच नसतं, फक्त एक मऊ, ओलसर टोक. पानं आधीच तयार असती तर ती इथे चिमुकली का होईना, दिसायला हवी होती. या टोकाला त्याने 'वाढीचा बिंदू' म्हटलं. तेव्हाचे बडे शरीरशास्त्रज्ञ हालर यांना हे पटलं नाही. मायदेशात प्राध्यापकी न मिळालेला वोल्फ १७६७ मध्ये सेंट पीटर्सबर्गला निघून गेला.

पेशी म्हणजे काय हे कळायला पुढे कित्येक दशकं लागली. १८५८ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेलीने या विभागत राहणाऱ्या ऊतीला 'मेरिस्टेम' हे नाव दिलं, ग्रीकमधल्या 'विभागलेला' या अर्थाच्या शब्दावरून. आपला 'विभाजी' शब्दही तोच अर्थ धरून आहे. दहा वर्षांनी हान्श्टाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने नीटनेटकी मांडणी केली: टोकावरच्या पेशींची घराणी ठरलेली, एकातून त्वचा, दुसऱ्यातून साल, तिसऱ्यातून आतला गाभा. ही मांडणी इतकी सुटसुटीत होती की ती अनेक वर्षं टिकली. माझ्या मते वोल्फने घालवलेली 'आधीच ठरलेलं' ही कल्पना इथे मागच्या दाराने परत आली होती.

तिला धक्का बसला तो धोतऱ्याकडून. १९४० मध्ये सोफिया सटीना, ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी धोतऱ्यावर कोल्चिसिन हे रसायन वापरून शेंड्यातल्या एखाद्या थरातल्या पेशींची गुणसूत्रं वाढवली. अशा पेशींची केंद्रकं मोठी दिसतात, त्यामुळे कोणत्या थरातून पुढे काय झालं याचा माग सूक्ष्मदर्शकाखाली काढता आला. शेंड्यात तीन थर निघाले. पण अशा मिश्र झाडांच्या पुढच्या अभ्यासातून दिसलं, की एका थरातली पेशी चुकून दुसऱ्यात शिरली तर ती मूळ घराण्याचं काम सोडून नव्या जागेचं काम करू लागते. म्हणजे कूळ नव्हे, जागा ठरवते. घरातल्या पिवळ्या कडेच्या स्नेक प्लांटचं पान कापून लावलं तर नव्या रोपाला ती कड येत नाही, कारण ते झाडही असंच थरांचं मिश्रण आहे.

जागेची खबर पेशीला कशी लागते? टोमॅटोचा शेंडा यात कामी आला. ऑक्झिन या संप्रेरकाची वाहतूक रोखली तर शेंडा वाढत राहतो, पण पान फुटत नाही. टाचणीसारखा बोडका देठ तयार होतो. त्यावर बाजूला ऑक्झिनचा बारीक ठिपका लावला की तिथेच पान उगवतं. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचं हे काम २००० सालचं.

त्याच साली अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या तणावर दुसरं कोडं सुटलं: शेंडा पेशी खर्च करत जातो, तरी संपत कसा नाही? वुशेल हे जनुक खालच्या पेशींत काम करतं आणि वरच्यांना 'मूळपेशीच (जिच्यातून पुढे नवे भाग घडतात अशी पेशी) राहा' असं सांगतं. वरच्या पेशी क्लॅव्हॅटा-३ हा छोटा प्रथिनाचा तुकडा सोडून वुशेललाच आवरतात. वुशेल बिघडलं तर शेंडा थांबतो, पुन्हा सुरू होतो आणि झाड विस्कटलेल्या केसांसारखं दिसतं. जर्मनमध्ये या नावाचा अर्थ तसाच आहे. क्लॅव्हॅटा बिघडलं तर उलट शेंडा फुगत जातो. बाजारातल्या अनेक कप्प्यांच्या मोठ्या टोमॅटोमागे याच जोडीतले बदल आहेत.

यातला व्यवहाराचा धागा मात्र जनुकांच्या बराच आधी सुरू झाला. १९५२ मध्ये फ्रान्समध्ये मोरेल आणि मार्तें यांनी विषाणूग्रस्त डेलियाच्या शेंड्याचं इवलंसं टोक काढून काचपात्रात वाढवलं आणि निरोगी झाड मिळवलं. अगदी टोकाला रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात आणि विषाणू तिथे फारसा पोचत नाही. जळगावकडची केळीची टिश्यू कल्चर रोपं याच वाटेने आली. फरक एवढाच, की भराभर रोपं करायची तर मुनव्यातून घेतलेला तुकडा बराच मोठा असतो, आणि त्यातून केळीवरच्या पर्णगुच्छ रोगाचा विषाणू आपोआप निघून जात नाही. म्हणून मातृवृक्षाची विषाणूचाचणी आधी करावी लागते.