सगळे प्रादला का गेले?

जून १९५०. फ्रान्सच्या दक्षिण टोकाला, पिरनीज डोंगरांच्या पायथ्याशी असलेलं प्राद हे छोटंसं गाव. तिथल्या सेंट पिएर चर्चमध्ये ७३ वर्षांचे, बुटके, टक्कल पडलेले पाब्लो कझाल्स चेलो (व्हायोलिनसारखं, पण गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचं मोठं वाद्य) घेऊन बसले होते. महोत्सवाला रुडॉल्फ सर्किन, आयझॅक स्टर्न, क्लारा हास्किल अशी नावाजलेली वादक मंडळी आली होती. चर्च असल्यामुळे टाळ्या वाजवायला मनाई होती. बाख या जर्मन संगीतकाराच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाली म्हणून हा बाख महोत्सव भरला होता. तो लंडन-न्यूयॉर्कला न होता या आडगावात झाला, कारण कझाल्स बाहेर जाऊन वाजवायला तयार नव्हते. अलेक्झांडर श्नायडर या व्हायोलिनवादकाने खूप विनवण्या केल्या, आणि शेवटी तुम्ही येत नसाल तर आम्हीच येतो असं ठरलं.

हा हट्ट कुठून आला ते समजायला बरंच मागे जावं लागतं.

स्पेनमधल्या कॅटलोनिया प्रांतात, एल व्हेंद्रेल गावात २९ डिसेंबर १८७६ला त्यांचा जन्म झाला. वडील चर्चमध्ये ऑर्गन वाजवत. घरचं नाव पाउ. कॅटलान भाषेत ‘पाउ’ म्हणजे शांतताही. पाउ तेरा वर्षांचा असताना, १८९०च्या सुमारास, वडिलांबरोबर बार्सिलोनाच्या बंदराजवळ एका जुन्या दुकानात स्वरलिपीची पुस्तकं चाळत होता. तिथे त्याच्या हाती बाखचे चेलोसाठीचे सहा सुईट, म्हणजे नाचांच्या चालींवर बांधलेल्या रचनांच्या मालिका, लागले. १७२०च्या आसपास लिहिलेलं हे संगीत तोवर बोटं तयार करायचा धडा म्हणूनच ओळखलं जाई. फार तर त्यातला एखादा तुकडा कुणी मैफिलीत वाजवी, सबंध सुईट नाही. पाउने ते घरी नेले, रोज रियाज केला, आणि लोकांसमोर वाजवायला बारा वर्षं घेतली. आज जगातला प्रत्येक चेलोवादक ज्या सुईटवर पारखला जातो, ते एका मुलाच्या या धीराने आपल्यापर्यंत आले. मला ही त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

वाजवण्याची रीतही त्यांनी बदलली. त्या काळी चेलो शिकवताना विद्यार्थ्याच्या काखेत पुस्तक धरायला लावत. ते खाली पडता कामा नये, म्हणजे कोपर अंगाला चिकटून राहायला हवं. कझाल्सनी हात मोकळा सोडला. डाव्या हाताची बोटं ताणून ते लांबचे स्वर गाठू लागले, त्यामुळे सतत हात वरखाली सरकवण्याची गरज राहिली नाही. १८९९मध्ये पॅरिसने त्यांना डोक्यावर घेतलं, आणि मग पियानोवर आल्फ्रेड कोर्तो व व्हायोलिनवर जाक तिबो यांच्याबरोबरचं त्यांचं त्रिकूट युरोपभर गाजलं. १९२०मध्ये त्यांनी बार्सिलोनात स्वतःचा वाद्यवृंद काढला, आणि पुढे कामगारांसाठी स्वस्तात मैफिली सुरू केल्या.

१८ जुलै १९३६. बार्सिलोनात बीथोव्हनच्या नवव्या सिंफनीची तालीम चालू होती. शेवटचा भाग सुरू व्हायच्या बेतात असताना निरोप आला: लष्कराने बंड केलंय, शहरावर हल्ला होऊ शकतो, ताबडतोब घरी जा. कझाल्सनी वादकांना आणि गायकांना विचारलं, पुन्हा कधी भेटू माहीत नाही, एवढं पुरं करून निघायचं का? सगळे थांबले. सारी माणसं भाऊ होतील असं म्हणणारं ते समूहगान त्यांनी शेवटपर्यंत गायलं, आणि मग लोक पांगले.

यादवी सुरू झाली. बंडखोरांचा नेता जनरल फ्रँको याच्या बाजूच्या एका सेनापतीने रेडिओवरून धमकी दिली की कझाल्स सापडले तर त्यांचे हात कोपरापासून तोडू. बाखच्या सुईटचं ध्वनिमुद्रण याच वर्षांतलं, १९३६ ते १९३९मधलं. ते ऐकताना रेकॉर्डच्या खरखरीखालून गजाच्या पहिल्या घासेपासूनच एक घाई, एक कळकळ जाणवते. तारखा कळल्यापासून मला ते निवांतपणे ऐकता आलेलं नाही.

१९३९मध्ये बार्सिलोना फ्रँकोच्या फौजांच्या हाती पडलं. चार-पाच लाख माणसं सरहद्द ओलांडून फ्रान्समध्ये शिरली आणि छावण्यांमध्ये डांबली गेली. कझाल्स सरहद्दीजवळच्या प्रादमध्ये राहिले. छावण्यांमध्ये मदत पोचवायची, पैशांसाठी जगभर पत्रं लिहायची, हाच उद्योग. हिटलर आल्यापासून त्यांनी जर्मनीत वाजवणं बंद केलं होतं. पुढे जर्मन अधिकारी प्रादला बर्लिनचं आमंत्रण घेऊन आले, तेव्हाही नकारच मिळाला.

खरा घाव मात्र मित्रांकडून बसला. १९४५मध्ये युद्ध संपलं, आता दोस्त राष्ट्रं स्पेनचा हुकूमशहा झालेल्या फ्रँकोला हटवतील अशी त्यांना आशा होती. तसं काही घडेना. इंग्लंडच्या दौऱ्यावर असतानाच त्यांनी ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या मानद पदव्या नाकारल्या आणि जाहीर मैफिली बंद केल्या. ज्याला रोज वाजवल्याशिवाय करमत नाही, त्याने जगाला देण्यासारखं होतं तेच आवरून धरलं. त्याच्याजवळ दुसरं हत्यार नव्हतं.

म्हणून प्राद. महोत्सव पुढे दरवर्षी भरू लागला. १९५८मध्ये तिथे कोर्तो आले. युद्धकाळात त्यांनी जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या विशी सरकारला साथ दिली होती, त्यामुळे जुनी मैत्री तुटली होती. कझाल्सनी त्यांना क्षमा केली. ऐंशी पार केलेले दोघे त्या उन्हाळ्यात बीथोव्हन वाजवायला एकत्र बसले.

एव्हाना कझाल्स आईच्या जन्मभूमीत, पोर्तोरिकोला राहायला गेले होते. २४ ऑक्टोबर १९७१ला, ९४व्या वर्षी, त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघात पक्ष्यांचं एक जुनं कॅटलान लोकगीत वाजवलं. २२ ऑक्टोबर १९७३ला ते गेले. फ्रँको त्यांच्यानंतर दोन वर्षं जगला. १९७९मध्ये कझाल्सचे अवशेष पोर्तोरिकोहून एल व्हेंद्रेलला आणून पुरले.