पीसीओडी : 'गाठी' आणि घराणं

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतून सोनोग्राफी करून परतणाऱ्या मुलीच्या रिपोर्टवर बरेचदा 'पीसीओडी' असतं, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'पीसीओएस', आणि घरी पोचेपर्यंत त्याच्या 'गाठी' झालेल्या असतात. नावं दोन, आजार एकच: पॉलिसिस्टिक ओव्हरी डिसीज किंवा सिंड्रोम, म्हणजे पाळी आणि संप्रेरकं (हार्मोन्स) यांची गडबड. मग आईचं ठरलेलं वाक्य येतं, "आमच्याकडे तर कोणालाच नव्हतं." हे आनुवंशिक आहे का, हा प्रश्न इथे सुरू होतो. त्याचं उत्तर मिळायला इतकी वर्षं लागली त्याला हा नावांचा घोळही कारणीभूत आहे.

१९३५ मध्ये शिकागोच्या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची नोंद छापली: पाळी बंद किंवा अनियमित, अंडाशय मोठे. अंडाशयाचा तुकडा कापल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली. आजार अंडाशयाचा, हे तेव्हापासून पक्कं बसलं. १९६८ मध्ये एका कुटुंब-अभ्यासाने एकच प्रबळ जनुक (आईबापांपैकी एकाकडून आलं तरी पुरतं असं) सुचवलं. १९८० मध्ये या स्त्रियांच्या रक्तातलं जादा इन्शुलिन लक्षात आलं, तरी नाव अंडाशयाचंच राहिलं.

मुळात त्या गाठी नव्हेतच. अर्धवट वाढून थांबलेल्या बीजकोशांचे (ज्यांत स्त्रीबीज वाढतं त्या पिशव्यांचे) ते ठिपके. चांगली सोनोग्राफी मशीन आली तसे ते जास्त दिसू लागले, म्हणून निदानासाठी एका अंडाशयात किती ठिपके हवेत हा आकडा १२ वरून २० वर न्यावा लागला. वयात येणाऱ्या मुलींमध्ये असे ठिपके एरवीही दिसतात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षं निदानासाठी सोनोग्राफी वापरू नये, असं २०१८ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं. आपल्याकडे सोळाव्या वर्षीच 'पीसीओडी'चा शिक्का बसतो. वर 'पीसीओडी म्हणजे साधं, पीसीओएस म्हणजे गंभीर' अशी एक समजूत आहे, तिला आधार नाही.

खरा वाद २००३ चा. निदानाच्या १९९० च्या निकषांत पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आणि पाळीची गडबड, दोन्ही लागायचे. २००३ मध्ये रॉटरडॅमला तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलं की या दोन्हींत सोनोग्राफीची भर घालून तीनपैकी कुठलीही दोन लक्षणं पुरेत. या एका बैठकीनं रुग्णांची संख्या फुगली. ज्यांच्यात संप्रेरकांचा अतिरेक नाही त्याही आत आल्या. २००६ मध्ये दुसऱ्या एका गटाने तो अतिरेक पुन्हा अनिवार्य केला. एकीकडे जनुकं शोधायची आणि दुसरीकडे रुग्ण कोण हेच ठरत नाही, तर शोध लागणार कसा? माझ्या मते २००३ चा निर्णय घाईचा होता.

पण जनुकांनी या वादाला फारशी दाद दिली नाही. २००६ च्या डच जुळ्या बहिणींच्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७० टक्के निघाला. (आईला असेल तर मुलीला ७० टक्के शक्यता, असा याचा अर्थ नाही. स्त्रियास्त्रियांमधल्या फरकाचा किती भाग जनुकांमुळे, हे तो आकडा सांगतो; एका घराचं नाही.) २०११ मध्ये हान चिनी स्त्रियांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या तपासणीत या आजाराशी जोडलेल्या पहिल्या तीन जागा सापडल्या. पुढच्याच वर्षी त्या अकरा झाल्या, त्यांत इन्शुलिनच्या ग्राहकाचं (पेशीवर इन्शुलिन जिथे जोडलं जातं त्या रिसेप्टरचं) जनुकही होतं. २०१८ मध्ये युरोपीय वंशाच्या दहा हजारांवर रुग्ण स्त्रियांची माहिती एकत्र केली तेव्हा १४ जागा निघाल्या. निदान १९९० च्या निकषांवर असो, २००३ च्या असो किंवा बाईनं स्वतः सांगितलेलं असो, जवळजवळ सगळ्या जागा तिन्ही गटांत सारख्याच. या सगळ्या जागा मिळूनही आनुवंशिकतेचा लहानसाच भाग उलगडतो.

२०१८ च्या त्याच अभ्यासात आणखी एक धागा होता: या आजाराचा आनुवंशिक संबंध वजनाशी आणि इन्शुलिनशी दिसला, तसाच पुरुषांच्या टकलाशीही. म्हणजे हा वारसा बापाकडूनही येतो, फक्त त्याच्यात पाळी नसल्यानं तो दिसत नाही. केसपेपरवर आई, मावशी, बहीण यांची चौकशी होते. तिशीत टक्कल पडलेले काका आणि चाळिशीत 'शुगर' लागलेले बाबा त्यात क्वचितच येतात.