रुजू झाल्यानंतरचे महिने

मनाच्या आजारामुळे दोन-तीन महिने रजेवर असलेला माणूस कामावर परततो तेव्हा त्याच्या हातात एक कागद असतो. डॉक्टरांचं लेटरहेड, खाली सही-शिक्का आणि मधे एकच ओळ: अमुक तारखेपासून कामावर रुजू होण्यास योग्य. त्या ओळीचा हिशेब असा, की रविवारी रात्रीपर्यंत तो अयोग्य होता आणि सोमवारी सकाळपासून पूर्ण योग्य आहे. सोमवारी तो येतो. न वाचलेल्या मेलचा ढीग साचलेला असतो. त्याची कामं इतके दिवस ओढणाऱ्या सहकाऱ्यांना काय बोलावं ते सुचत नसतं. साहेब "आता बरं आहे ना?" एवढं विचारतात आणि दुपारच्या मीटिंगला बोलावतात. पहिले काही आठवडे तो जिद्दीने रेटतो. तिसऱ्या महिन्याच्या आसपास झोप पुन्हा बिघडते, साध्या मेलचं उत्तर लिहायला तास लागतो, आणि रजेचा दुसरा अर्ज येतो.

हा दुसरा अर्ज बहुतेक ठिकाणी त्या माणसाचा कच्चेपणा म्हणून वाचला जातो. मला तो अन्याय वाटतो. 'कामावर परतणं' म्हणजे नक्की काय, हे समजून घ्यायलाच जगाला दोनशे वर्षं लागली आहेत, आणि त्यातलं बरंचसं अजून त्या एका ओळीच्या कागदापर्यंत पोचलेलं नाही.

सुरुवात चांगली होती. १७९६ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क इथे विल्यम ट्यूक यांनी क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या लोकांच्या मदतीने 'रिट्रीट' नावाचं निवासी उपचारगृह सुरू केलं. साखळदंड आणि मारहाण यांच्या जागी शांत परिसर, माणुसकीची वागणूक आणि बागकाम, शिवणकाम अशी रोजची कामं आली. काम हाच उपचाराचा भाग, ही कल्पना इथून पसरली. पण एकोणिसाव्या शतकात ती अवाढव्य मनोरुग्णालयांत शिरली आणि तिचं रूप पालटलं. शेत, धोबीखाना, भटारखाना सगळं रुग्णांच्या हातांवर चालू लागलं आणि मजुरी नावापुरती किंवा तीही नाही. वर्षानुवर्षं धोबीखाना सांभाळणाऱ्या बाईला भिंतीबाहेर काम करायला मात्र असमर्थ मानलं जाई. अमेरिकेत रुग्ण-कामगारांना किमान वेतनाचा कायदा लागू आहे, हे कोर्टाने सांगायला १९७३ साल उजाडलं. तो सौडर विरुद्ध ब्रेनन हा खटला.

आपल्या जुन्या जागी परतण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने पुढे आला तो पहिल्या महायुद्धात. फेब्रुवारी १९१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 'शेल शॉक'वर, म्हणजे युद्धात सैनिकांच्या मनाला बसणाऱ्या धक्क्यावर, लेख लिहिला. थरथरणारे, वाचा गेलेले, झोप उडालेले सैनिक हजारोंनी मागे येत होते. सैन्याने यावर एक पद्धत बसवली: उपचार आघाडीच्या जवळच करायचे, लगेच करायचे, आणि 'तू परत जाणार आहेस' हे पहिल्या दिवसापासून सांगायचं. अमेरिकी सैन्यात मनोविकारतज्ज्ञ थॉमस सॅल्मन यांनी ती रुजवली. या पद्धतीतून एक खरी गोष्ट कळली: दीर्घकाळ दूर ठेवलं की परतणं अवघड होत जातं. पण यश मोजलं जाई ते किती जण परत धाडले यावर. पुढे इतिहासकारांनी जुन्या नोंदी तपासल्या तेव्हा त्या काळचे दावे फुगवलेले निघाले. परतलेल्यांपैकी अनेक जण लढाईच्या नव्हे, तर पिछाडीच्या कामावर गेले होते. म्हणजे माणसं टिकली असतील तर बदललेल्या कामात. हा धडा हाताशी होता, पण तो उचलला गेला नाही. परत किती आले एवढंच मोजायची सवय मात्र तेव्हापासून जी चिकटली, ती आजही अनेक कंपन्यांच्या तक्त्यांमध्ये दिसते.

दरम्यान दुसऱ्या बाजूने एक वेगळं सत्य हाती लागलं. व्हिएन्नाजवळच्या मारिएनथाल गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासकांनी रस्त्यावरच्या माणसांच्या चालण्याचा वेगसुद्धा मोजला होता. पुरुष रेंगाळत चालत, पुन्हा पुन्हा थांबत. वेळच वेळ असताना वाचनालयातून पुस्तकं नेणं वाढायला हवं होतं, ते घटलं. पुढे याहोडा यांनी मांडलं की काम पगाराबरोबर आणखी काही देतं: दिवसाला आकार, घराबाहेरची माणसं, सामायिक उद्दिष्ट, समाजातली ओळख आणि हालचाल. रजेवर घरी बसलेल्या माणसाचं नेमकं हेच सगळं एकदम जातं. म्हणून 'पूर्ण बरा हो, मगच ये' हा प्रेमाने दिलेला सल्ला कधीकधी आजाराच्याच बाजूने काम करतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर कायदे आले. ब्रिटनच्या १९४४ च्या कायद्याने वीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या मालकांवर तीन टक्के अपंग कामगार ठेवण्याचं बंधन घातलं. जागा राखली गेली, पण त्या जागेवर काम कसं बदलायचं याबद्दल त्यात फार काही नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये १९४८ मध्ये मनोरुग्णालयातून बाहेर पडलेल्या लोकांच्या गटातून 'फाउंटन हाउस' उभं राहिलं. तिथे रुग्णांना सदस्य म्हणत, आणि पुढे खऱ्या कंपन्यांमधल्या तात्पुरत्या नोकऱ्यांतून सदस्यांना कामाची सवय लावली जाई. इतरत्र मात्र 'आधी तयारी, मग नोकरी' हाच शिरस्ता होता. माणसं फक्त अशा लोकांसाठी चालवलेल्या संरक्षित कार्यशाळांत पाकिटं भरत वर्षं काढत आणि ती तयारी कधी पुरी होतच नसे.

हा शिरस्ता उलटवला रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर या संशोधकांनी, १९९० च्या दशकात अमेरिकेत. आधी माणसाला हवी ती खरी नोकरी, आणि आधार त्या नोकरीत असताना, लागेल तितके दिवस. युरोपातल्या सहा केंद्रांवर ३१२ रुग्णांसह ही पद्धत तपासली गेली. २००७ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार या पद्धतीत ५५ टक्के लोकांना निदान एक दिवस तरी काम मिळालं, नेहमीच्या पद्धतीत २८ टक्के. हे सगळे तीव्र आजार असलेले लोक होते. 'एक दिवस तरी' हा निकष किती तोकडा आहे, हे मात्र वाचताना जाणवतं.

ज्यांची नोकरी शाबूत आहे आणि जे नैराश्य, चिंता किंवा कामाच्या ताणाने रजेवर गेलेत, त्यांच्या परतण्याचं शास्त्र आलं भलत्याच दारातून, पाठदुखीच्या. कॅनडातल्या शेरब्रुक इथे पॅट्रिक लुआझेल यांच्या गटाने १९९७ मध्ये दाखवलं, की दवाखान्यातल्या उपचारांबरोबर कामाच्या जागेतही बदल केले, तर कामगार आपल्या नेहमीच्या कामावर सुमारे २.४ पट वेगाने परततात. या बदलांत कामगार, वरिष्ठ आणि तज्ज्ञ एकत्र बसून काम पाहत. मनाच्या आजारांच्या बाबतीत ही उडी घ्यायला वेळ लागला, कारण खुर्चीची उंची बदलणं सोपं. 'रोज संध्याकाळी सहा वाजता येणारा फोन बंद करा' हे वरिष्ठाला सांगणं कठीण.

ती उडी सर्वांत ठामपणे नेदरलँड्सने घेतली. २००२ च्या कायद्यानुसार तिथे आजारी कर्मचाऱ्याच्या परतण्याची जबाबदारी मालक आणि कर्मचारी दोघांवर आली. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत कंपनीच्या डॉक्टरने अडचणींचं विश्लेषण करायचं, आठव्यापर्यंत दोघांनी मिळून लेखी योजना करायची. २००४ पासून आजारपणातला पगार, किमान ७० टक्के, दोन वर्षांपर्यंत मालकाच्या माथी आला. मग साहजिकच मालकांना या विषयात रस निर्माण झाला. तिथल्याच एका अभ्यासाने माझं या विषयाबद्दलचं मत पक्कं केलं. २०१२ मध्ये सुझान लाखरफेल्ड आणि सहकाऱ्यांनी रजेवरच्या १६८ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींना नेहमीची वर्तन-विचार उपचारपद्धती (सीबीटी, म्हणजे विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलण्याचे उपचार) दिली. इतरांना तीच, पण कामाचा विषय सुरुवातीपासून उपचारात आणून: कोणतं काम आधी सुरू करायचं, साहेबांशी काय बोलायचं, कामाचे तास कसे वाढवत न्यायचे. दोन्ही गटांची लक्षणं सारखीच कमी झाली, पण दुसऱ्या गटातले लोक सरासरी ६५ दिवस आधी पूर्ण कामावर परतले. म्हणजे बरं होणं आणि कामावर परतणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीवरून चालत गेलं की दुसरी आपोआप सापडते, असं नाही.

जपानची वाट दुःखातून निघाली. अतिकामाने खचून १९९१ मध्ये आत्महत्या केलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याच्या प्रकरणात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये मालकाची जबाबदारी मान्य केली. २००४ मध्ये सरकारने मानसिक कारणांनी रजेवर गेलेल्यांच्या परतण्यासाठी मार्गदर्शिका काढली. तिच्यात पाच टप्पे आहेत. पहिला रजा सुरू होताच लागू होतो, पाचवा रुजू झाल्यानंतरच्या पाठपुराव्याचा. म्हणजे रुजू होण्याचा दिवस तिथे शेवट नाही, मधला टप्पा आहे. त्यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. रुजू होण्याआधी माणूस नेहमीच्या वेळी घरातून निघतो, कामावर जायच्याच गाडीने जातो, ऑफिसच्या जवळपास पोचतो आणि परत येतो. किंवा कामाच्या वेळेइतका वेळ वाचनालयात बसून काढतो. काम काहीच नाही, फक्त सकाळी उठणं, गर्दीत उभं राहणं, ती इमारत दिसल्यावर छातीत काय होतं ते पाहणं. ज्याला कधी सकाळी गाडीचा नुसता आवाज ऐकून पोटात गोळा आला आहे, त्याला या सरावाचं मोल कळेल.

ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये तो एका ओळीचा कागदच बदलला. जुन्या 'सिक नोट'च्या जागी 'फिट नोट' आली. तिच्यावर 'काही बदल केल्यास काम करू शकेल' असा पर्याय आला आणि खाली चार चौकटी: हळूहळू परतणं, वेळेत बदल, कामाच्या स्वरूपात बदल, जागेतल्या सुधारणा. कल्पना उत्तम होती, पण नव्वद टक्क्यांहून जास्त चिठ्ठ्यांवर आजही 'काम करण्यास अयोग्य' हीच खूण असते. दहा मिनिटांत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला त्या माणसाच्या कामात काय बदलता येईल हे कुठून कळणार? ते कळतं साहेबाला आणि त्या माणसाला स्वतःला, आणि त्या दोघांना एका टेबलाशी बसवण्याची सोय चिठ्ठीत नाही.

हक्कांची बाजूही याच काळात घडत गेली. मालकाने कर्मचाऱ्यासाठी वाजवी सोय करून द्यावी, ही कल्पना अमेरिकेच्या १९७२ च्या कायद्यात धार्मिक आचरणासाठी होती. पुढे ती अपंगत्वाच्या कायद्यांत आली, १९९० च्या कायद्याने खाजगी नोकऱ्यांनाही लागू झाली आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अपंगांच्या हक्कांच्या करारात गेली. भारतात १९९५ च्या कायद्याने, नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढण्यावर किंवा खालच्या पदावर ढकलण्यावर बंदी घातली, आणि अपंगत्वाच्या यादीत मानसिक आजारही होता. २०१६ च्या कायद्याने हे संरक्षण सरकारी आस्थापनांपुरतं कायम ठेवलं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात सांगितलं, की ज्या वागण्यावर शिस्तभंगाची कारवाई होते आहे त्यामागे मानसिक आजार हे अनेकांपैकी एक कारण असलं, तरी तो भेदभाव ठरतो. उशिरा येणं, कामात चुका, चिडचिड असे शेरे ज्यांच्या फाइलीत साठले आहेत, त्यांच्यासाठी या निकालाचं महत्त्व फार मोठं आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये मानसिक आरोग्य आणि काम यावर पहिल्यांदा सविस्तर मार्गदर्शक तत्त्वं काढली. नैराश्य आणि चिंतेमुळे जगात दरवर्षी सुमारे १,२०० कोटी कामाचे दिवस वाया जातात, हा अंदाज त्याच वेळी मांडला गेला. त्या तत्त्वांत वरिष्ठांच्या प्रशिक्षणाची ठाम शिफारस आहे. माझ्या मते पैसा आधी इथेच घालावा, कारण परतलेल्या माणसाचा दिवस कसा जाईल हे धोरणापेक्षा त्याचा साहेब ठरवतो.

आणि तो तिसरा महिना? त्याकडे संशोधकांचं लक्ष अलीकडेच गेलं. नेदरलँड्समध्ये नैराश्य, चिंता, ताण अशा आजारांमुळे रजा घेतलेल्या ९,९०४ कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा १९ टक्के लोक पुन्हा त्याच कारणाने रजेवर गेलेले दिसले, आणि त्यातले ९० टक्के तीन वर्षांच्या आत. तो अभ्यास २०११ चा. त्यानंतर तिथल्याच एका गटाने रुजू झालेल्यांसाठी एक साधी पद्धत तपासली. परतल्यावर कामात नेमकं काय अडतंय ते कर्मचाऱ्याने लिहून काढायचं. उपाय सुचतील तितके लिहायचे. त्यातले कोणते करायचे आणि त्यासाठी कोणाची मदत लागेल ते ठरवायचं. ते घेऊन वरिष्ठाशी बसायचं आणि योजना करायची. मग काही काळाने पुन्हा बसून काय जमलं, काय नाही ते पाहायचं. सोबतीला कंपनीचा डॉक्टर. वर्षभरानंतर या गटातले कमी लोक पुन्हा रजेवर गेले होते. त्यांना नवं औषध दिलेलं नव्हतं. जास्तीचं होतं ते एवढंच, की रुजू झाल्यानंतरही कोणीतरी ठरवून त्यांच्याशी त्यांच्या कामाबद्दल बोलत होतं.