प्रक्रिया-धोका विश्लेषण आणि सुरक्षा प्रशिक्षण (ग्रामीण विदर्भ)

कारखान्यातील प्रक्रिया ठरल्याप्रमाणे चालली नाही तर काय घडू शकते, ते कशामुळे घडेल, त्याची झळ कुठवर पोहोचेल आणि ती रोखण्याची कोणती सोय आज हाताशी आहे, याचा टप्प्याटप्प्याने घेतलेला आणि लिहून ठेवलेला शोध म्हणजे प्रक्रिया-धोका विश्लेषण होय. त्यातून मिळालेली समज यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात उतरवणे, हे सुरक्षा प्रशिक्षणाचे काम. ही दोन्ही कामे मोठ्या रासायनिक कारखान्यांची आहेत असा समज असला, तरी यवतमाळ, वर्धा, अकोला, अमरावती या कापूसपट्ट्यातील जिनिंग-प्रेसिंग (कापसातून सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने), सोयाबीनचे सॉल्व्हंट प्लांट (द्रावक वापरून तेल काढणारे कारखाने), सरकीच्या तेलगिरण्या आणि गोंदिया-भंडाऱ्याकडील राईस मिल यांना त्यांची गरज कमी नाही. कामगारांचा मोठा भाग हंगामापुरता येत असल्याने ती अधिकच आहे.

या विश्लेषणाची सर्वाधिक रूढ पद्धत, हॅझॉप (हॅझर्ड अँड ऑपरेबिलिटी स्टडी), ब्रिटनच्या इम्पिरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत १९६० च्या दशकात आकाराला आली. १ जून १९७४ रोजी इंग्लंडमधील फ्लिक्सबरो येथे पुरेशी अभियांत्रिकी तपासणी न करता बसवलेली तात्पुरती जोडनळी फुटून झालेल्या स्फोटात २८ जणांचा मृत्यू झाला, आणि कारखान्यात केलेला प्रत्येक बदल आधी तपासण्याचा आग्रह तेव्हापासून बळावला. भारतात हा विषय कायद्यात ठळकपणे आला तो डिसेंबर १९८४ च्या भोपाळ वायू दुर्घटनेनंतर. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये धोकादायक प्रक्रियांविषयीचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. त्यातील कलम ४१-ब नुसार धोक्यांची माहिती कामगारांना आणि आसपासच्या जनतेलाही देणे कारखानदारावर बंधनकारक झाले, तर कलम ४१-ह ने जीवावर बेतणारा धोका दिसल्यास तो निदर्शनास आणण्याचा हक्क कामगाराला दिला. १९८९ च्या घातक रसायनविषयक नियमांनी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त साठा असलेल्या ठिकाणी आपत्कालीन आराखडा आणि त्याची रंगीत तालीम आवश्यक केली.

हॅझॉपमध्ये प्रक्रियेचे लहान भाग पाडून प्रत्येक भागाला ‘नाही’, ‘कमी’, ‘जास्त’, ‘उलट’ असे सूचक शब्द लावून बैठकीत प्रश्न विचारले जातात. सोयाबीनच्या सॉल्व्हंट प्लांटचे उदाहरण घेता येईल. तेथे सोयाबीनच्या पापडीतून तेल काढण्यासाठी हेक्झेन हे ज्वलनशील द्रावक वापरतात. ते सुमारे ६९ अंश सेल्सियसला उकळते, त्याची वाफ हवेच्या जवळजवळ तिप्पट जड असते आणि हवेत तिचे प्रमाण सव्वा टक्क्याच्याही खाली असताना ती पेट घेऊ शकते. आता कंडेन्सरच्या (वाफ थंड करून पुन्हा द्रव करणाऱ्या यंत्राच्या) थंड पाण्याला ‘नाही’ हा शब्द लावून पाहावा. लाइन गेली, पंप बंद पडला, पण बॉयलरची स्टीम चालूच राहिली, तर हेक्झेनची वाफ थंड होऊन परत द्रवात येत नाही, व्हेंटमधून बाहेर पडते, जमिनीलगत पसरते आणि नाल्या, खड्डे, केबलचे चर यांत साचून राहते. मग वेल्डिंगची ठिणगी कित्येक फुटांवर पडली तरी आग वाफेच्या मागाने प्लांटपर्यंत येते. म्हणूनच पाणी थांबताच स्टीम आपोआप बंद होण्याची व्यवस्था आहे का, जनरेटर सुरू होईपर्यंतच्या वेळात कोणी काय करायचे, वाफ दाखवणारा गॅस डिटेक्टर खालच्या पातळीवर लावला आहे का, अशा प्रश्नांची उत्तरे बैठकीतच लिहून घेतली जातात. जेथे वीज वारंवार जाते तेथे हा प्रसंग अपवाद म्हणून बाजूला टाकता येत नाही. पुस्तकातून उतरवलेल्या विश्लेषणात नेमकी हीच ओळ राहून जाते, म्हणून पाळीवर काम करणारा ऑपरेटर बैठकीत बसलेला असणे अत्यावश्यक आहे.

जिनिंगमध्ये रसायन नसते, तरी आगीचा धोका कायम असतो. कापसासोबत आलेला खडा किंवा खिळा पंख्याच्या पात्यावर आपटला की ठिणगी उडते आणि हवेच्या नळीतून ती थेट रुईत जाते. तापलेले बेअरिंग, गंजीजवळ उभ्या ट्रॅक्टरचा सायलेन्सर आणि बिडी ही इतर नेहमीची कारणे. सर्वांत फसवी असते ती दाबलेल्या गाठीतली आग. वरून पाणी मारले की ती विझल्यासारखी दिसते, पण सुमारे १७० किलोच्या घट्ट गाठीच्या पोटात रुई धुमसत राहते आणि काही तासांनी, कधी काही दिवसांनी, गोदामात किंवा ट्रकमध्ये भडकते. आग लागलेल्या रुईतून बांधलेली गाठ इतर गाठींत न मिसळता उघड्यावर वेगळी ठेवून तिच्यावर नजर ठेवावी लागते, हे प्रत्येक हमालाला ठाऊक असले पाहिजे.

दुसरा धोका डबल रोलर जिनवरचा, म्हणजे दोन रोलरांनी सरकीपासून रुई ओढून काढणाऱ्या यंत्रावरचा. रोलरला गुंडाळलेली रुई यंत्र चालू असताना हाताने ओढण्याची सवय बोटे, कधी अख्खा हात घेऊन जाते. यावरचा उपाय असा की मेन स्विच पाडून त्याला काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावावे व किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी. कारण स्विचबोर्डाशी उभ्या माणसाला यंत्रामागचा माणूस दिसत नाही. रुईच्या धुळीने होणारा बिसिनोसिस हा फुप्फुसाचा आजार सावकाश वाढतो. सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची सुरुवातीची खूण आहे.

टाक्या, सायलो (धान्य साठवण्याचे उंच कोठार) आणि सांडपाण्याचे खड्डे यांचा विचार वेगळा करावा लागतो. आत प्राणवायू कमी असला किंवा विषारी वायू साचला असला तरी बाहेरून काहीच कळत नाही. पहिला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा तसाच उतरतो आणि दोघेही जातात. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाचे कलम ३६ अशा जागेत सक्षम व्यक्तीच्या तपासणीशिवाय किंवा योग्य श्वसनसाधन, कमरेचा पट्टा आणि बाहेर दोर धरून उभा असलेला माणूस यांच्याशिवाय उतरू देत नसे. प्रशिक्षणात या एका विषयाला सर्वाधिक वेळ द्यायला हवा, कारण येथे माणसाला खाली खेचते ती सोबत्याविषयीची माया, आणि त्या क्षणी न उतरता दोर ओढायचा हे शरीराला आधी शिकवलेले असावे लागते.

हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. गावातील शेतमजूर, मेळघाटातून आलेले कोरकू, गोंडी बोलणारी कुटुंबे आणि छत्तीसगड-मध्य प्रदेशातील कामगार तेव्हा एकाच आवारात काम करतात. इंग्रजी फलक आणि कागदावरची सही म्हणजे त्यांचे प्रशिक्षण नव्हे. मुकादमाने त्यांच्या बोलीत, यंत्रापाशी उभे राहून, “लाइन गेली तर तू आधी कोणता वॉल्व्ह बंद करशील?” असे विचारावे आणि कामगाराने तो हात लावून दाखवावा, ही पद्धत अधिक खात्रीची. राज्य शासनाचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय कारखान्यांची तपासणी करते, तर कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे नागपूर येथील केंद्र जिनिंगचे प्रशिक्षण देते. अमेरिकेतील प्रक्रिया-सुरक्षेविषयीच्या १९९२ च्या नियमानुसार हे विश्लेषण किमान दर ५ वर्षांनी पुन्हा पडताळावे लागते. परंतु विदर्भातील हंगामी कारखाना कित्येक महिने बंद राहून नव्या माणसांसह सुरू होतो, त्या काळात वॉल्व्ह गंजतात, उंदीर केबल कुरतडतात, दुरुस्तीत नळ्या बदलल्या जातात. त्यामुळे येथे ही पडताळणी दर वर्षी, यंत्रे सुरू करण्यापूर्वी करणे योग्य ठरते.