कंकण की अंगठी? ग्रहणाच्या फोटोतला फरक

मधोमध काळी चकती, भोवती उजेडाचं कडं. असा फोटो फ्रेम करून दिवाणखान्यात लागला, की तो खग्रास ग्रहणाचा की कंकणाकृतीचा, हे सहसा कोणी विचारत नाही. खूण सोपी आहे. कडं रेखीव काठाचं असेल तर ते कंकण, म्हणजे उघडा सूर्यच. कडं बारीक, एका जागी लखलखता ठिपका आणि बाहेर धूसर प्रभा दिसत असेल, तर ती खग्रासातली हिऱ्याची अंगठी. तिथला हिरा म्हणजे चंद्राच्या कडेच्या दरीतून निसटलेला सूर्यप्रकाश.

फरक पडतो चंद्राच्या अंतरामुळे. तो कधी ३ लाख ६३ हजार किलोमीटरवर असतो, कधी ४ लाख ५ हजारांवर. लांब असला की सूर्य पुरता झाकत नाही आणि उरलेल्या कड्याच्या झगमगाटात प्रभामंडल, म्हणजे सूर्याभोवतीची ती धूसर प्रभा, दिसतच नाही. प्रभामंडलाचा उजेड जेमतेम पौर्णिमेच्या चंद्राएवढा. म्हणून कंकणाकृतीत लेन्सवरचा सोलर फिल्टर क्षणभरही काढायचा नाही. खग्रासात मात्र सूर्य पूर्ण झाकल्यावर तो काढावाच लागतो, नाहीतर फ्रेम काळी. आतली प्रभा सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात मिळते, प्रभेच्या बाहेरच्या झोतांना एखादा सेकंद लागतो. ही सगळी एक्स्पोजर मग संगणकावर एकत्र करतात. काही जण झोत इतके खेचतात की सूर्य केसाळ सुरवंट वाटू लागतो. मला ते रुचत नाही.

१९८० च्या फेब्रुवारीतलं खग्रास आपल्या गोव्याशेजारच्या, कर्नाटकातल्या अंकोल्यावरून गेलं. २६ डिसेंबर २०१९ चं कंकण केरळातल्या कासरगोडकडे दिसलं, गोव्यात खंडग्रास. पण कंकणाकृती आणि खंडग्रास ग्रहणांचं खरं चित्र जमिनीवर असतं, असं माझं मत. पानांच्या फटींतून पडणारा प्रत्येक कवडसा सूर्याची प्रतिमा असतो: कंकणात कडी, खंडग्रासात चंद्रकोरी. सारवलेलं अंगण किंवा चुन्याची भिंत असली की झालं. कॅमेरा खाली वळलेला, त्यामुळे फिल्टर नको. खग्रासात ऐन वेळी कवडसेच नाहीसे होतात.

२ ऑगस्ट २०२७ ला, आषाढ अमावास्येला, इजिप्तमधल्या लक्सरला खग्रास आहे. गोव्यात दुपारनंतर खंडग्रास. पावसाने उघडीप दिली तर टेलिफोटो कपाटातच ठेवा, ३५ मिलिमीटरची लेन्स घेऊन अंगणात उतरा. आणि पातळ ढगाला फिल्टर समजून सूर्याकडे बघू नका.