तांबडं हेमॅटाइट, काळं मॅग्नेटाइट

कुपवाड-मिरजेच्या फौंड्र्यांमध्ये पिग आयर्नचा, म्हणजे ओतकामाच्या कच्च्या लोखंडाचा, भाव चढला की बोलणं ओडिशाच्या खाणींपर्यंत जातं आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "आपल्या देशात मॅग्नेटाइट एवढं पडलंय, त्यात लोखंडही जास्त, मग ते का काढत नाहीत?" प्रश्न रास्त आहे. गडबड एवढीच, की त्यात हेमॅटाइट आणि मॅग्नेटाइट या लोखंडाच्या दोन खनिजांची सरळ टक्केवारी लावलेली असते.

दोन्ही लोखंडाची ऑक्साइडं, दोन्ही हातात सारखीच जड. हेमॅटाइटमध्ये लोखंडाच्या दोन अणूंमागे ऑक्सिजनचे तीन, मॅग्नेटाइटमध्ये तिनांमागे चार. रंगावर मात्र जाऊ नका. हेमॅटाइट कधीकधी चक्क पोलादी काळं, चकाकणारं असतं. फरशीची उलटी, खरबरीत बाजू घ्या आणि दगड तिच्यावर घासा. रेघ तांबूस उमटली तर हेमॅटाइट, काळी उमटली तर मॅग्नेटाइट. शिवाय मॅग्नेटाइट साध्या लोहचुंबकाला झटकन चिकटतं, हेमॅटाइट जवळजवळ दाद देत नाही.

मॅग्नेटाइट बघायला खाणीवर जायची गरज नाही. कृष्णेकाठची कोरडी वाळू कागदावर पसरून चुंबक फिरवा, त्याला बारीक काळे कण लागतात. आपल्या काळ्या कातळातून सुटलेलं ते टायटॅनियममिश्रित मॅग्नेटाइट. कास-पाचगणीच्या सड्यांवरच्या जांभ्याचा तांबडेपणा मात्र हेमॅटाइट आणि त्याचा ओलसर भाऊबंद गोथाइट यांचा. महाबळेश्वरच्या डोंगरात धावड लोक पूर्वी असल्याच दगडातून लोखंड गाळायचे. आजच्या झोतभट्टीला तो परवडत नाही, कारण त्यात अ‍ॅल्युमिनियमचं ऑक्साइड, म्हणजे अ‍ॅल्युमिना फार.

आता टक्केवारी. शुद्ध हेमॅटाइटमध्ये लोखंड सुमारे ७० टक्के, शुद्ध मॅग्नेटाइटमध्ये ७२.४. पण खाणीतून शुद्ध खनिज निघत नाही, निघतो तो दगड. उसासारखंच आहे, वजन नव्हे, उतारा बघायचा. ओडिशा, झारखंड, छत्तीसगड, बळ्ळारी किंवा आपल्या गडचिरोलीतल्या सुरजागडच्या चांगल्या हेमॅटाइटचा उतारा साठीच्या पुढे असतो. फोडा, चाळा, धुवा आणि भट्टीकडे पाठवा. मॅग्नेटाइटचा दगड बहुधा चाळिशीच्या आत अडकतो. तो पिठासारखा दळायचा, चुंबकाने काळं वेगळं काढायचं आणि त्या पिठाच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, भाजायच्या. वीज आणि पाणी दोन्ही भरपूर लागतं.

म्हणून देशाचं जवळपास सगळं पोलाद तांबड्यावर चालतं. ते सोपं आहे असं मात्र नाही. भारतीय हेमॅटाइट लोखंडाला श्रीमंत, पण अ‍ॅल्युमिना जास्त. अ‍ॅल्युमिना वाढला की भट्टीतली वितळलेली मळी, म्हणजे स्लॅग, घट्ट होते, नीट वाहत नाही आणि भट्टीचं इंधन असलेला कोक जास्त जळतो. शिवाय खाणकामात खड्यांपेक्षा चुराच जास्त निघतो. तो धुताना अ‍ॅल्युमिनाबरोबर बारीक लोखंडही स्लाइम, म्हणजे पातळ गाळ, होऊन तळ्यात जातं. मला विचाराल तर आपली खरी नासाडी या गाळाच्या तळ्यांत आहे, आणि तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

काळ्याची अडचण वेगळी. देशाच्या लोहखनिजात मॅग्नेटाइटचा वाटा साधारण एक तृतीयांश, पण त्यातलं बरंचसं कर्नाटकात, तेही पश्चिम घाटाच्या जंगलात. तिथल्याच कुद्रेमुखला ते काढूनही झालंय. १९७० च्या दशकात इराणच्या पैशावर हा प्रकल्प उभा राहिला आणि १९७९ च्या क्रांतीनंतर इराणने हात काढून घेतला. खनिज दळून, पाण्यात कालवून, सुमारे ६७ किलोमीटरच्या नळातून मंगळूरला जायचं. पण जागा भद्रा नदीच्या उगमाजवळची, पाऊस महाबळेश्वराच्या तोडीचा, त्यामुळे गाळ नदीत उतरायचा. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २००५ अखेर खाण बंद झाली. कासच्या पठारावर कुणी खाणीचं नाव काढलं तर साताऱ्यात काय होईल, ते आठवा म्हणजे तिथला विरोध कळेल.

तरीही हा विषय संपलेला नाही. २०१७ च्या राष्ट्रीय पोलाद धोरणात २०३०-३१ पर्यंत वर्षाला ३० कोटी टन पोलादाच्या क्षमतेचं लक्ष्य आहे आणि साठीच्या पुढचं हेमॅटाइट कायम पुरणारं नाही. त्यानंतर उरतं पट्ट्यापट्ट्यांच्या दगडातलं गरीब, म्हणजे कमी उताऱ्याचं, हेमॅटाइट. तेही दळावंच लागतं, आणि त्याला साधा चुंबक चालत नाही. फार जोरदार चुंबकीय यंत्रं किंवा नको असलेले कण फेसाने वेगळे करणाऱ्या टाक्या लागतात, आणि तरी लोखंड गाळात जातंच. उलट मॅग्नेटाइट भाजताना ऑक्सिजन घेऊन स्वतःच उष्णता सोडतं, म्हणून त्याच्या पेलेटला इंधन कमी लागतं. दोघांनाही दळायचंच झालं, तर कारखान्याच्या हिशेबात काळं पुढे जातं. खाणीच्या जागेवर मात्र ते जंगलापाशी अडतं.